स्पीकर घेताना कोणाचं ऐकावं: 'व्हॉट हायफाय?' की 'स्टिरिओफाइल'?

दुकानात डेमो मिळतो वीस मिनिटांचा, तोही गालिचा अंथरलेल्या खोलीत, दुकानदाराने निवडलेल्या गाण्यांवर. त्यामुळे स्पीकर घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी परीक्षणं वाचतात. त्यात ही दोन नावं हमखास येतात, आणि दोघांचा उपयोग अगदी वेगळा आहे.

'व्हॉट हायफाय?' हे 1976पासूनचं ब्रिटिश मासिक. पाचपैकी किती तारे, जमेच्या बाजू कोणत्या, उणिवा कोणत्या, हे दोन मिनिटांत कळतं. निकाल एकट्याचा नसतो, तिथली टीम मिळून ऐकते आणि त्याच किमतीचे दुसरे स्पीकर शेजारी ठेवून तुलना करते. नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. पण ते तारे त्या किमतीला दिलेले असतात. पौंडातला स्पीकर आयात शुल्क, कर आणि वितरकाचा नफा धरून आपल्याकडे येईपर्यंत वरच्या किमतीच्या गटात गेलेला असतो. तिथे त्याची गाठ वेगळ्याच स्पीकरांशी पडते. इथे बनलेल्या किंवा इथे स्वस्त मिळणाऱ्या स्पीकरांशी तर त्याची तुलना झालेलीच नसते. तेव्हा तारे मोजण्याआधी इथली किंमत बघा.

'स्टिरिओफाइल' अमेरिकन. जे. गॉर्डन होल्ट आधी दुसऱ्या एका मासिकात होते. तिथे जाहिरातदारांचं चालतं, याला कंटाळून त्यांनी 1962 साली हे सुरू केलं. उपकरण घरी आणून काही आठवडे ऐकायचं आणि कानाला काय वाटलं ते लिहायचं, ही त्यांची पद्धत. परीक्षण लांबलचक असतं. परीक्षकाची खोली, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याची आवड, सगळं त्यात येतं. मला हेच आवडतं. एकाच माणसाचं लिखाण दोन-तीन वर्षं वाचलं की तो 'उबदार' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचंय ते उमगतं, आणि आपलं त्याच्याशी कुठे पटत नाही तेही.

त्याहून मोलाचा भाग शेवटी असतो: मोजमापं. एका स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो) 90 डेसिबल आणि दुसऱ्याची 84 असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी दुसऱ्याला चौपट वॉट लागतात. कंपनी स्पीकरचा विद्युत-रोध 8 ओहम लिहिते (रोध जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त), पण आलेखात तो काही सुरांना 3 ओहमपर्यंत खाली येताना दिसला, तर घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर त्याला पेलेल का, हे आधीच तपासता येतं. घरात आधीच अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर माझं मत 'स्टिरिओफाइल'ला. सगळंच नवीन घ्यायचं असेल तर 'व्हॉट हायफाय?'वरून चार-पाच नावं काढा.

मात्र दोन्ही मासिकांत जाहिराती असतात, आणि बहुतेक परीक्षणं समोर कोणतं उपकरण आहे हे माहीत असतानाच होतात. किंमत आणि नाव ठाऊक असलं की कान निखळ राहत नाही. आवाज अर्ध्या डेसिबलने जरी जास्त ठेवला, तरी तेच उपकरण सरस वाटू शकतं.

आणि तुमची खोली दोघांनाही माहीत नसते. चार वर्षांपूर्वी एका परीक्षणातलं भरभरून कौतुक वाचून मी बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे, स्पीकर घेतले. आमचा हॉल दहा बाय बारा, खाली टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा. पहिलाच ख्याल लावला आणि डग्गा असा घुमला की तानपुरा त्यात बुडून गेला. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, बारा फुटांत 47च्या आसपासचा, आणि भिंतीला टेकलेला स्पीकर त्यात भर घालतो. परीक्षकाने रॉक आणि पियानो ऐकला होता, त्याच्या मोठ्या खोलीत. त्याचं काही चुकलं नव्हतं.

स्टँड भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, तेव्हा मनगट दाबून काढलेली डग्ग्याची मींड सुटी ऐकू आली. टाइल्सवर जाड सतरंजी टाकल्यावर वरच्या सुरांचा कर्कशपणाही कमी झाला. म्हणून यादी दोन नावांवर आली की दुकानदाराकडे दोन दिवसांसाठी जोडी घरी मागा. अनामत घेऊन देणारे दुकानदार असतात. शंभर वेळा ऐकलेलं एकच ध्वनिमुद्रण दोन्हींवर सारख्याच आवाजात लावा आणि आधी डग्गा ऐका, मग तानपुरा.