बिलावर एक नाव, पैसे घेणारे दुसरे: टायर-अलॉयच्या सेटमध्ये गेलेले 36,029 रुपये

माझी 36,029 रुपयांची फसवणूक झाली आहे आणि ती चारचौघांत सांगू नये, असे माझ्या घरच्यांचे मत आहे. तरीही मी लिहितो आहे, कारण ज्या जाहिरातीला मी बळी पडलो तसल्या जाहिराती साताऱ्यात आज प्रत्येकाच्या मोबाइलवर येत आहेत. मी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात 17 वर्षे नोकरी करतो. बिलावरचे नाव आणि ज्याच्या खात्यात रक्कम जाणार त्याचे नाव जुळल्याखेरीज व्हाउचरवर सही करायची नाही, हा माझ्या कामाचा पहिला नियम आहे. घरच्या खरेदीत मी नेमका तोच मोडला आणि याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

माझ्याकडे डिझायर आहे. रोज गोडोलीहून कारखान्यापर्यंत जाणे-येणे, महिन्यातून दोनदा खंबाटकी घाटातून पुणे, असा तिचा वापर आहे. दसऱ्यापर्यंत चारही टायर गोटे होत आले होते. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून जे उंचवटे असतात, ते नक्षीच्या बरोबरीला आले होते. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की तो टायर कायद्यानेही बाद असतो. त्यात महामार्गावरच्या एका खड्ड्यात पुढची लोखंडी डिस्क वाकली होती. म्हणून टायरबरोबर अलॉय व्हीलही बसवून घ्यावीत, असे ठरवले.

पोवई नाक्याजवळ ज्यांच्याकडे मी आजवर टायर घेतले, त्या शेठनी 185/65 आर 15 या मापाचा टायर 5,450 रुपयांना एक, म्हणजे चार टायरचे 21,800 आणि अलॉयच्या सेटचे 26,000, असे एकूण 47,800 रुपये सांगितले. बसवणे आणि बॅलन्सिंग त्यातच धरले होते. मी घासाघीस केली. ते म्हणाले, ‘‘साहेब, जुने टायर मी घेतो, त्याचे दीड हजार कमी करा. याच्या खाली मला परवडत नाही.’’ मला तेव्हा वाटले की शेठ चढे भाव लावत आहेत. आज मला त्यांच्यासमोर उभे राहायचाही संकोच वाटतो.

त्याच रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. चार नामांकित टायर आणि चार अलॉय, पूर्ण सेट 31,500 रुपये, घरपोच. आपल्या दुकानापेक्षा सरळ 16,300 रुपये कमी. इतके स्वस्त कसे, हा प्रश्न मला पडला नाही असे कोणी समजू नये. मी फोन करून तेच विचारले आणि मिळालेले उत्तर मला पटले. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हे खरेच आहे. फोनवरचा मुलगा स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘काका, जुन्या दराचा माल अंगावर पडलाय, कंपनीला दिवाळीआधी गोडाऊन मोकळं करायचंय.’’ दर बदलला की व्यापाऱ्यांची कशी ओढाताण होते, हे मी रोज पाहतो. त्यामुळे थाप मारणाऱ्याने माझ्याच विषयातली गोष्ट पुढे केली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. वास्तविक दहा टक्क्यांच्या फरकाने 48 हजारांची वस्तू साडेएकतीस हजारांवर येत नाही. हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल. मी तो केला नाही.

7 ऑक्टोबरला बुकिंगचे 3,150 रुपये भरले. ते जाहिरातीतल्या दुव्यावरून गेले. उरलेले 28,350 रुपये 9 तारखेला ‘माल निघण्यापूर्वी’ मागितले आणि त्यासाठी क्यूआर कोड पाठवला.

तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दुपारी सव्वादोनची वेळ होती, जेवणाचा डबा टेबलावर उघडा होता. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचे नाव यायला हवे होते. तिथे एका बाईचे नाव आणि आडनाव आले. पैसे स्वीकारणाऱ्याचे बँकेत नोंदलेले खरे नाव यूपीआय ॲपवर दिसते, ते नेमके अशाच वेळी आपण थांबावे म्हणून. मी थांबलोही. मी फोन करून विचारले, ‘‘हे नाव कोणाचं आहे?’’ तो म्हणाला, ‘‘आमच्या अकाउंटच्या मॅडम आहेत काका. कंपनीचं खातं नवीन जीएसटीसाठी अपडेट होतंय, दोनच दिवस त्यांच्या खात्यावर घेतोय.’’ दराच्या बदलाने कोणाचेही बँक खाते बंद पडत नाही, हे मला माहीत आहे. त्याच दिवशी सकाळी मी एका ऊस वाहतूकदाराचे बिल परत पाठवले होते, कारण बिल त्याच्या नावावर आणि खाते त्याच्या भावाचे होते. तो माणूस माझ्या टेबलासमोर दहा मिनिटे विनवण्या करत होता आणि मी नियम सांगत होतो. ते परत केलेले बिल डब्याशेजारी पडलेले असताना मी पिन टाकला.

ज्यांना माझ्या सगळ्या लिखाणातून एकच गोष्ट घ्यायची असेल, त्यांनी ही घ्यावी: दुकानाचे नाव आणि पडद्यावरचे नाव वेगळे दिसले की फोन बंद करायचा, कारण विचारत बसायचे नाही. उत्तर त्यांच्याकडे तयारच असते.

पैसे गेल्यावर बिलाची पीडीएफ आली. पत्ता पुण्याचा होता आणि बिलात 4,805 रुपये आयजीएसटी लावला होता. पुण्याहून साताऱ्याला माल येत असेल तर केंद्राचा नऊ टक्के आणि राज्याचा नऊ टक्के, असा कर लागतो. आयजीएसटी हा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मालावरचा आहे. जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने होती, म्हणजे दिल्ली; महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. शिवाय पूर्ण क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो, तो इथे 14 चाच होता. मी हे सगळे एका आठवड्यानंतर मोजले. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही क्रमांक टाकून नाव फुकट पाहता येते आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पैसे देण्यापूर्वी बिलाचा कच्चा नमुना मागा. खरा व्यापारी तो देतो.

माल 15 ऑक्टोबरला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला. ‘घरपोच’ हा शब्द तिथेच संपला, कारण भाड्याचे 2,180 रुपये मीच भरायचे होते. भाडे भरल्याशिवाय पॅकिंग उघडू देणार नाही, असे तिथल्या कारकुनाने सांगितले. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, पाठवणाऱ्याचे नाव तिसरेच होते आणि मालाची किंमत 4,000 रुपये लिहिलेली होती. साडेएकतीस हजारांच्या मालाची किंमत चार हजार कोणी लिहील का? तरीही मी पैसे भरले, कारण तोवर माझे 31,500 गेलेले होते आणि माल हाती येतो आहे, एवढाच आधार उरला होता. रिक्षा-टेम्पोचे 350 देऊन नग घरी आणले.

दुसऱ्या दिवशी अलॉय आणि टायर घेऊन त्याच शेठकडे गेलो. त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलाने फडके पेट्रोलमध्ये बुडवून टायरच्या बाजूवरून फिरवले. फडके काळे झाले आणि खाली राखाडी रबरावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसू लागले. नक्षीच्या खाचा पुन्हा कोरलेल्या होत्या. एका ठिकाणी खाच इतकी खोल गेली होती की आतल्या तारेचे टोक बोटाला लागले. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. दोन टायरवर 3118 होते, म्हणजे 2018 सालचा एकतिसावा आठवडा. उरलेल्या दोनांवरची ती जागा घासून गुळगुळीत केली होती. त्यातही दोन टायर 185/65 चे आणि दोन 185/60 चे. पहिल्यावर भार निर्देशांक 88, म्हणजे एका टायरला 560 किलो; दुसऱ्यावर 84, म्हणजे 500 किलो. उंचीतही साधारण 18 मिलिमीटरचा फरक. असे टायर एकाच गाडीला लावायचे नसतात.

अलॉय तर बसलीच नाहीत. डिझायरच्या हबवर समोरासमोरच्या दोन बोल्टांमध्ये 100 मिलिमीटर अंतर असते. या व्हीलची छिद्रे 108 च्या मापाची होती. एका बाजूला छिद्र बोल्टवर घातले की समोरचे आठ मिलिमीटर सरकलेले. शेठनी एक व्हील उलटे करून आतल्या कडेला वेल्डिंगची रेघ दाखवली. ते एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, निदान फोटो तरी आधी मला दाखवायचे होते.’’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

ती व्हील बसली नाहीत, हे नशीब. बसली असती तर दिवाळीला बायको, मुलगी आणि आईला घेऊन मी त्याच टायरवर खंबाटकी उतरलो असतो. पैशाचा राग एक वेळ ओसरेल. हा ओसरत नाही.

दुकान आणि ऑनलाइन यांत भावाचा फरक असतो, हे मी नाकारत नाही आणि ऑनलाइन विकणारे सगळेच लबाड आहेत असेही म्हणत नाही. काही टायर कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर टायर विकून बसवण्याचे काम गावातल्या अधिकृत विक्रेत्याकडे देतात, तिथे टायर आपल्या डोळ्यांदेखत चढतो. मुद्दा हा आहे की टायर ही हात लावून, चार अंक वाचून, आयएसआयची खूण पाहून आणि मग पैसे देऊन घेण्याची वस्तू आहे. दुकानात हा क्रम आपोआप पाळला जातो. माझ्या व्यवहारात तो उलटा झाला.

यानंतरची चूक मी लपवू शकलो असतो. 18 ऑक्टोबरला त्या मुलाने माल परत घेण्याचे कबूल केले आणि ‘परतीचा विमा’ म्हणून 1,999 रुपये मागितले, जे पूर्ण रकमेसोबत परत मिळणार होते. 31,500 परत येतील या आशेने मी तेही भरले. त्यानंतर तो नंबर लागला नाही. परतावा मिळवण्यासाठी आधी पैसे भरा, असे कोणीही म्हटले की ती दुसरी चोरी समजा.

दिवाळीचे दिवस, घरात पाहुणे आणि मनात लाज, यांमुळे 1930 या सायबर हेल्पलाइनवर मी 27 तारखेला फोन केला. हा उशीर माझाच. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मी 18 दिवस घालवले होते. तक्रार नोंद झाली, क्रमांक मिळाला आणि पुढे पोलीस ठाण्यात जायला सांगितले गेले.

तिथे जे ऐकले त्याने फसवणुकीपेक्षा जास्त संताप झाला. पहिल्या दिवशी संबंधित साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्या दिवशी समोरच्या कर्मचाऱ्याने विचारले, ‘‘माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.’’ मी टायरचे फोटो, बिल, बिल्टी, सगळे टेबलावर मांडले. त्यांनी पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले की पत्ता पुण्याचा, क्रमांक दिल्लीचा, खाते तिसऱ्याच राज्यातले, मग गुन्हा आमच्या हद्दीत कसा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, द्यायला आलेल्या माणसाकडून नोंदवून घ्यायची. पैसे साताऱ्यातून गेले, माल साताऱ्यात आला, फसवला गेलेला माणूस साताऱ्याचा. आणि हद्द मात्र साताऱ्याची नाही! ‘‘तुम्ही शिकलेले, हिशेबात काम करणारे, तुम्हाला कळायला नको?’’ हे वाक्य मला तिथे तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवले. चोराला शोधण्याची इच्छा एकानेही दाखवली नाही. चौथ्या फेरीत अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. गुन्हा नोंदला गेला नाही. अशा वेळी पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका आणि नकार मिळाला तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. मी तो पाठवला आहे.

बँकेने दोन ओळींचे उत्तर दिले की पिन आपण स्वतः टाकला असल्याने व्यवहार अधिकृत आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे मी पाठवणाऱ्याचा फोन क्रमांक मागितला, तर तो पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय मिळणार नाही. पोलिसांकडे पत्र मागितले, तर गुन्हाच नोंद नसल्याने पत्र नाही.

नवे टायर शेवटी शेठकडूनच घेतले, 21,800 रुपयांना. लोखंडी डिस्क त्यांनीच ठोकून सरळ करून दिली. बसवण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक टायरवरचे चार अंक मला वाचायला लावले.

आता ग्राहक आयोगात जायचे आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. अर्ज लिहून झाला आहे. मात्र ‘विरुद्ध पक्ष’ या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, यावर दोन दिवस गेले, कारण बिलावर एक नाव आहे, पैसे घेणारे दुसरे आणि बिल्टीवर तिसरे. वकिलांनी तिन्ही लिहायला सांगितली आहेत. पुराव्यासाठी ते चार टायर आणि चार व्हील आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेली आहेत.