19 रुपयांचं चॅनेल मला 25,979 रुपयांना पडलं

लिहायचं नव्हतं खरं. घरात महिनाभर पुरेशी शोभा झालीय. पण परवा खालच्या वाडीतला एकजण फोन घेऊन आला, "डिशवाल्यांचो ह्यो नंबर बरोबर मा रे? नेटवर गावलो." बघतो तर तोच नंबर, ज्याने मला फसवलं. शेवटचे चार आकडे मला आता झोपेतही पाठ आहेत. म्हणून लिहितोय, हसायचं त्यांनी हसा.

गाव सांगत नाही. कणकवलीला गाडीतून उतरून पुढे एसटीने समुद्राकडे यायचं, एवढं पुरे. 2025 च्या ऑगस्टमधली गोष्ट. 27 ला गणपती आणि 29 ला प्रो कबड्डी सुरू. मुंबईहून काका, चुलतभाऊ, पुतणे मिळून चौदा माणसं येणार होती. थोरला पुतण्या डोंबिवलीत मंडळाकडून कॉर्नरला खेळतो, त्याचा आठवडाभर आधी मेसेज, काका स्पोर्ट्स चॅनेल घेऊन ठेव. आमच्या डिशवर मराठी पॅक आणि आईच्या मालिका, बाकी काही नाही. आता पॅक घ्यावा की नाही ह्याच्यावर मी दोन दिवस डोकं लावलं बरं का, आंधळेपणाने नाही केलं. इंडियाची मॅच असती तर शेजाऱ्याकडे फ्री डिश आहे, 2007 च्या कायद्यामुळे महत्त्वाच्या मॅच दूरदर्शनला द्याव्या लागतात, त्या त्याला फुकट दिसतात. (आपण दर महिन्याला पैसे भरतो त्या डिशवर मात्र डीडी स्पोर्ट्सला नेमकं मॅचच्या वेळी दुसरंच काहीतरी लागतं, 2017 ला सुप्रीम कोर्टाचा निकालच तसा आहे. असो, तो वेगळा संताप.) पण कबड्डी त्यात येत नाही. म्हणून कॅलेंडरच्या मागे हिशोब केला. हवे ते दोन चॅनेल 19 रुपयांचे, म्हणजे 38, वर 18 टक्के जीएसटी, 44 रुपये 84 पैसे महिन्याला. वर्षभर ठेवले तरी 538. सुटे घे, एक महिना ठेव, मग काढून टाक. इतका साधा निर्णय होता. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

शुक्रवार 22 ऑगस्ट, संध्याकाळी पावणेआठ. आई अजून म्हणते अमावास्या होती. पाऊस असा की डिशला सिग्नल नाही, मोबाईलला एक काडी, कंपनीच्या अॅपमध्ये चॅनेल टाकतोय तर नुसतं चाक फिरतंय. मग मी नेटवर कस्टमर केअर सर्च केलं आणि पहिला आला त्या नंबरला लावला. मला कोणाचा फोन आला नव्हता, मी स्वतः लावला. "अनोळखी फोन उचलू नका" सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, आता ते थांबून बसतात आणि आपणच त्यांच्याकडे जातो. खरा नंबर सेट टॉप बॉक्सच्या मेन्यूत असतो, रिमोट माझ्या हातात होता.

पलीकडचा माणूस चांगलं मराठी बोलत होता. हिंदीत बोलला असता तर मी तिथेच सावध झालो असतो, खरंच. "नमस्कार साहेब, कोकणातून बोलताय का, गणपतीची ऑफर चालू आहे." वर्षभराचा पूर्ण स्पोर्ट्स पॅक, हजार रुपये अधिक जीएसटी, 1,180. मी म्हटलं मला दोनच चॅनेल हवेत, तर म्हणाला सुटे चॅनेल सिस्टीमवरून बंद झालेत.

इथे थांबा. माझ्या समोर कागद. कागदावर 538. कंपनीच्याच अॅपमध्ये दहा मिनिटांपूर्वी बघितलेले 19-19 रुपयांचे चॅनेल. आणि मी मनात काय म्हटलं असेल, तर ह्याच्यात सगळेच चॅनेल येतायत, पुतणे खूश होतील. 1,180 हा आकडाच मेला असा जीएसटी लावलेला, पावतीवरचा वाटतो, सरळ हजार मागितले असते तर शंका आली असती. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणातरी ट्रेडर्सचं नाव होतं. ते मी वाचलं. मोठ्याने वाचून त्याला विचारलंसुद्धा. "फ्रँचायझी आहे साहेब." बरं. पाठवले. रात्री अंथरुणात पडलो की ते ट्रेडर्स डोळ्यासमोर येतं.

मग त्याने एक ओटीपी विचारला आणि मी सांगितला. आणि पाच मिनिटांत पाऊस जरा उघडला तसे चॅनेल चक्क लागले! आता सांगा, कोण संशय घेईल? नंतर कळलं, तो ओटीपी माझ्या डिशच्या खात्यात शिरायचा होता, माझ्याच खात्यात शिल्लक असलेल्या 612 रुपयांतून त्याने माझे चॅनेल चालू केले. माझ्याच पैशाने माझा विश्वास विकत घेतला त्या भाड्याने.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. सव्वाआठला त्याचाच फोन, तुमची एंट्री डबल पडली, 1,180 रिफंड द्यायचे आहेत, व्हॉट्सअॅपवर क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा. स्कॅन केला तर 9,999. म्हटलं हे काय, तर तो म्हणे रक्कम नाही, रिफंडचा कोड आहे, कोड टाकल्याशिवाय सिस्टीम पैसे सोडत नाही. पिन टाकला. गेले. मी ओरडलो तर तोच माझी समजूत काढतोय, घाबरू नका साहेब, व्यवहार अर्धवट राहिला, दुसरा स्कॅन करा म्हणजे सगळे एकदम परत येतील. 14,800. तोही केला. का केला विचारू नका. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो, मी त्यालाच धरला. घरात आईची आरती चालू, बायको आतून विचारतेय कोणाशी भांडताय, आणि मी पिन टाकतोय. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे गेल्या वर्षी आईला मीच शिकवलं होतं.

1,180, 9,999, 14,800. एकूण 25,979, वर डिशचे ते 612 वेगळे. त्यातले पंधरा हजार माझे नव्हतेच, सगळ्या भावांनी गणपतीच्या खर्चाला पाठवलेले होते. काकांना फोन करून सांगावं लागलं. ते एवढंच म्हणाले, "अरे मेल्या, गावाक अक्कल शिकवतंस आणि पिन तूच दिलंस?"

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो, पहिल्या तासात केला तर पैसे अडकवता येतात. हे मला माहीत होतं. पण घरात रेंज नाही, म्हणून छत्री आणि बॅटरी घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, गेलो, तिथे दोन काड्या येतात. लाइन बिझी. पुन्हा लावला, बिझी. लागला तेव्हा साडेनऊ झाले होते. बाईंनी नीट ऐकून घेतलं, व्यवहाराचे नंबर मागितले, ते मेसेजमधून एकेक वाचून दाखवताना फोनवर पाणी पडतंय. (तुम्ही ते आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच फोन लावा.) तक्रार झाली. शनिवारी बँक बंद, चौथा शनिवार. मग रविवार. सोमवारी बँकेत गेलो तर टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, पिन कोणी टाकला? मी टाकला. मग आम्ही काय करणार. अहो पण पैसे कुठल्या खात्यात गेले ते तुम्हाला दिसतंय ना? ते सांगता येत नाही. लेखी अर्ज द्या. दिला. पोच द्या म्हटलं तर शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि साहेब कणकवलीला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी दीड तास बसून राहिलो, कारण तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच कागद लागतो.

पोलीस ठाण्यात तर कहरच. हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, जायला-यायला अख्खा दिवस, तिथे म्हणे आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा. परत ठाण्यात, तर सगळे गणपतीच्या बंदोबस्ताला, विसर्जनानंतर या. मी म्हटलं झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेतात, नवीन कायद्यातच लिहिलंय, तर हवालदार हसून म्हणतो, एवढं वाचता मग पिन कशाला टाकलात? ह्याला काय उत्तर देणार. शेवटी एका कागदावर माझी तक्रार लिहून घेतली, त्यात रक्कम 25,000 लिहिली. 979 कुठे गेले विचारलं तर म्हणे राउंड केली. तुमच्या पगारातून 979 राउंड करून बघा की.

आत्तापर्यंतची कमाई अशी की पुढच्या कुठल्यातरी खात्यात 3,112 रुपये अडकवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणावा लागेल असं तेव्हा सांगितलं. म्हणजे वकील, एसटी, रिक्षा आणि कामाचा खाडा.

कबड्डी दिसली का विचाराल. पहिल्या दिवशी आठला मॅच, साडेसातला लाइट गेली, पोरांनी मोबाईलवर बघितली सड्यावर जाऊन. चौथ्या दिवशी खात्यातले 612 संपून चॅनेल गेले, कारण त्या हरामखोराने दोन नाही, बारा चॅनेल चालू करून ठेवले होते. आईची मालिकापण गेली.

आणि तो नंबर, जो मी 1930 ला दिला, बँकेला दिला, दोन ठाण्यांत लिहून दिला, तो काल बायकोच्या फोनवरून लावून बघितला. दुसऱ्या रिंगला उचलला. "नमस्कार मॅडम, दसऱ्याची ऑफर चालू आहे."