कापसाचा ओलावा आणि जीसीसी १३: दोन हंगाम वापरल्यावर

चोपडा रस्त्यावरच्या एका जिनिंगात ट्रॉली रिकामी करण्याआधी कापसाचा ओलावा मोजतात, त्या मोजणीचा प्रोग्राम माझा आहे. सी++ मध्ये लिहिलेला, जीसीसी या कंपायलरने (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) बांधलेला, काट्याशेजारच्या छोट्या लिनक्स मशीनवर चालणारा. निकष सीसीआयचेच (भारतीय कपास निगमचे) घेतलेत: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये प्रमाणात कपात, १२ च्या वर माल घ्यायचा नाही.

तीन हंगामांपूर्वी एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीला पडद्यावर ‘नाकारला’ आलं. “भाऊ, मना माल कोरडा शे, हात लाईसन देख,” तो म्हणाला. मी हात घातला. माल खरंच कोरडा होता. ओलावा मोजणाऱ्या प्रोबची वायर निघाली होती, एकही रीडिंग आलं नव्हतं, आणि सरासरी काढताना शून्याला शून्याने भागलं गेलं होतं. त्यातून येतं ते ‘नॅन’, म्हणजे संख्याच नसलेलं मूल्य. नॅन कुठल्याही संख्येपेक्षा लहान, मोठा किंवा तिच्याएवढा आहे का, असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ८ पेक्षा कमी? नाही. १२ पेक्षा कमी? नाही. मग ते शेवटच्या ‘एल्स’मध्ये, म्हणजे ‘नाहीतर’च्या फांदीत पडलं, आणि तिथे ‘नाकारला’ लिहिलं होतं.

नॅन पकडणारी ओळ मी आधी टाकलेली होती. पण वेगासाठी कंपायलरचा ‘ओफास्ट’ हा पर्याय लावून बांधलं होतं, आणि त्यात फास्ट-मॅथ येतं. फास्ट-मॅथ म्हणजे कंपायलरला आपण दिलेला शब्द: माझ्या प्रोग्रामात नॅन आणि अनंत कधीच येणार नाहीत. त्याने शब्दावर विश्वास ठेवून माझी ती ओळ काढून टाकली. चूक माझी होती. त्या माणसाचा माल पुन्हा मोजून घेतला, पण त्याचा अर्धा दिवस गेला तो गेलाच.

त्यानंतर मी जीसीसी १३ वर आलो. उबुंटू २४.०४ या लिनक्समध्ये जीसीसी मागितला की हाच मिळतो, पैसे लागत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत माझ्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश संख्यांची, रेंज. पूर्णांकांच्या बाबतीत ‘इथे ही संख्या अमुक ते तमुक यांच्यातच असणार’ हा हिशेब कंपायलर कितीतरी वर्षं ठेवत आलाय. रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या अँड्र्यू मॅक्लाउड आणि आल्डी हर्नांडेझ यांच्या ‘रेंजर’ या कामातून तो दशांश संख्यांपर्यंत पोचला.

या हिशेबात फक्त खालची आणि वरची मर्यादा नसते. नॅन असू शकतो का, आणि असला तर त्याचं चिन्ह अधिक की उणे, हेही सोबत लिहिलेलं असतं. मी शर्ती अशा लिहून पाहिल्या: ८ किंवा कमी, नाहीतर १२ किंवा कमी, नाहीतर १२ पेक्षा जास्त, नाहीतर ‘प्रोब तपासा’. पूर्णांक असते तर चौथी फांदी अशक्य म्हणून कापली गेली असती. इथे ती राहिली, कारण तिथे फक्त नॅनच पोचतो हे कंपायलरला कळतं. उलट बाजूही तितकीच चोख आहे. ‘० ते १०० मध्ये आहे का’ ही शर्त पार झाल्यावर आतल्या फंक्शनमधली नॅनची तपासणी त्याने स्वतःहून काढली, कारण तिथे नॅन येऊच शकत नाही हे सिद्ध झालं होतं. फास्ट-मॅथ न लावता! कंपायलर आपलं आतलं काम ज्यात लिहून दाखवतो त्या ‘ट्री डंप’ फाइलमध्ये हे दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात दोन चकरा मारल्या.

कंपायलरला राउंडिंगचंही भान आहे. कपातीचा आकडा ० ते ०.०४ (१२ वजा ८, म्हणजे ४ टक्के) असायला हवा, पण ०.०४ बायनरीत नेमका बसत नाही. म्हणून मर्यादा काढताना तो खालची थोडी खाली आणि वरची थोडी वर सरकवतो. खरं उत्तर बाहेर राहण्यापेक्षा रेंज केसभर रुंद झालेली बरी.

तक्रारी आहेत. दशांश संख्येसाठी तो एकच सलग पट्टा ठेवतो. पूर्णांकांसारखे अनेक तुकडे नाहीत. ‘८ च्या खाली किंवा १२ च्या वर’ असं सांगितलं की मधली फट हरवते आणि उणे अनंत ते अनंत एवढंच उरतं. ‘शून्य नाही’ हेही त्यामुळे लक्षात राहत नाही, आणि भागाकाराआधी नेमकं तेच हवं असतं. लूपमध्ये, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवून, रीडिंगांची बेरीज करत गेलं की वरची मर्यादा थेट अनंताला टेकते, मग प्रत्येक रीडिंग १०० च्या आत आहे हे माहीत असूनही सरासरीला उपयोग नाही. सरासरी निघाल्यावर मी ० ते १०० ची शर्त पुन्हा लिहितो. आणि हे सगळं पाहायचं तर डंप वाचावे लागतात. नवख्या मुलाला ते जड जातं, सोप्या भाषेतली माहिती फार थोडी आहे.

वेग फारसा वाढला नाही, आणि ओलावा मोजायला वेग लागतही नव्हता. ओफास्ट मी कायमचं काढलं. या हंगामात ‘प्रोब तपासा’ दोनदा लागलं. दोन्ही वेळा वायरच निघाली होती. ती बसवून माल परत मोजला, आणि दोन्ही ट्रॉल्या ८ च्या आत निघाल्या.