14 वर्षांचा प्लाझ्मा टीव्ही दुरुस्त करून घेतला, 8 महिने वापरला, आता सांगतो

आधीच सांगून टाकतो, हा नव्या वस्तूचा रिव्ह्यू नाहीये. घरातला 42 इंची प्लाझ्मा, वय 14 वर्षं, आणि तो उघडून परत चालू करणारा मेकॅनिक, या दोघांचा मिळून आहे. म्हणजे कोणी असाच बंद पडलेला सेट भिंतीला टेकवून ठेवला असेल आणि भंगारवाल्याला फोन करायच्या बेतात असेल तर जरा थांबा आणि वाचा.

झालं काय तर एका रात्री टीव्ही चालू केला, लाल दिवा हिरवा झाला, आतून टक् असा आवाज आला, दोन सेकंदांनी परत टक् आणि परत लाल. पुन्हा चालू केला तर पुन्हा तेच. चित्र नाही, आवाज नाही, नुसतं टक् टक्. आठवडाभर हा खेळ चालला, कधी दहाव्या वेळेला लागायचा, कधी नाही, आणि मग एक दिवस पूर्णच गप्प झाला.

सर्व्हिस सेंटरला फोन केला, मॉडेल नंबर सांगितला, तर पलीकडून "सर तो मॉडेल बंद झालाय, पार्ट येत नाहीत" आणि पुढच्याच श्वासात एक्सचेंज ऑफर सुरू. अहो आधी बिघडलंय काय ते तरी विचारा! नाही विचारलं. मग दुसरा एकजण घरी आला, त्याने मागचं झाकणसुद्धा न उघडता दोनदा बटण दाबलं आणि म्हणाला पॅनल (म्हणजे पडद्याची काच) गेलंय, टाकून द्या. तेव्हा मला काही कळत नव्हतं म्हणून मान हलवली. आता कळतं म्हणून राग येतो. काच फुटली तर दिसतेच, काचेच्या कडेचे ड्रायव्हर (काचेला सिग्नल देणाऱ्या चिप) गेले तर उभ्या रेघा किंवा पट्टे दिसतात, पण सेट स्टार्टच होत नसेल तर पहिला संशय बोर्डांवर घ्यायचा असतो, पॅनलवर नाही. न उघडता "पॅनल गेलं" म्हणणारा माणूस आला की त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तिसरे आले ते काका. पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून हेच काम करतायत. त्यांनी टीव्हीला हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. बंद व्हायच्या आधी चित्र कसं होतं? टक् झाल्यावर किती सेकंदांनी परत टक्? जळका वास आला होता का? हिवाळ्यात जास्त त्रास द्यायचा का? (हो, गार असताना जास्त द्यायचा, हे मला त्यांनी विचारल्यावर आठवलं.) मला तिथेच माणूस आवडला.

मागचं पत्र्याचं झाकण म्हणजे वीस-बावीस स्क्रू, आणि सगळे सारखे नाहीत. त्यांनी थर्माकोलच्या तुकड्यावर टीव्हीचा चौकोन काढला आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचत गेले. सेट उभाच ठेवला, आडवा करू दिला नाही, कारण एवढी मोठी काच मधल्या भागात आधार नसला की ताणावर येते. प्लग काढून पंधरा मिनिटं थांबले आणि मग होल्डरला लावलेल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या वायरी मोठ्या कपॅसिटरच्या (वीज साठवून ठेवणारा पार्ट) पायांना टेकवल्या, बल्ब क्षणभर उजळून विझला. एवढा वेळ बंद असूनही! त्या कपॅसिटरवर चालू असताना पावणेचारशे-चारशे व्होल्ट असतात आणि पुढच्या सस्टेन लाइनवर (पडद्याचे ठिपके पेटते ठेवणारी वीज जिथून जाते ती) दोनशेच्या आसपास. कोणी स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून डिस्चार्ज करताना दिसलं तर त्याची नक्कल करू नका, आणि खरं सांगायचं तर इलेक्ट्रॉनिक्सचा हात नसेल तर झाकण उघडायच्या भानगडीतच पडू नका.

आतमध्ये बघितलं तर मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं प्रकरण. एक पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस, डाव्या-उजव्या बाजूला दोन सस्टेन बोर्ड, त्यातल्या एकाला चिकटून बफर बोर्ड (सस्टेनची वीज काचेच्या ओळींना वाटणारा), मध्ये कंट्रोल बोर्ड, केबल आणि एचडीएमआय जिथे लागतं तो मेन बोर्ड, आणि खाली काचेला जोडणाऱ्या पट्ट्या. वेगवेगळे बोर्ड, वेगवेगळे कनेक्टर. आजकालच्या पातळ टीव्हीत अर्ध्या गोष्टी एकाच बोर्डावर असतात आणि मागच्या लाइटच्या पट्ट्या बदलायच्या तर पूर्ण स्क्रीन सोडवावी लागते, त्या मानाने हा सेट जणू उघडण्यासाठीच बनवलाय.

एसएमपीएसवर तीन कपॅसिटरची टोपी फुगलेली. सपाट असायला पाहिजे तिथे छोटी टेकडी. हाच तो गार असताना स्टार्ट न होण्याचा रोग. काकांनी तिन्ही काढले, क्षमता (मायक्रोफॅरड) तेवढीच पण व्होल्टेज एक पायरी वरचं आणि 105 डिग्रीपर्यंत टिकणारे, सप्लायला चालतील असे लावले, दोन ठिकाणी ड्राय सोल्डर (सैल झालेला टाका) होतं ते गरम करून घेतलं. प्लग लावला, टक्, आणि चित्र आलं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, बायको आतून विचारते काय झालं.

इथेच गोष्ट संपली असती तर रिव्ह्यू लहान झाला असता. अकराव्या दिवशी ऐन मॅचमध्ये फट् आवाज, हलका जळका वास, आणि सगळं बंद. त्या वेळी मी मनातून हरलो होतो, मोबाइलवर नवीन टीव्ही बघायलासुद्धा घेतले होते. काकांना फोन केला तर ते म्हणाले "मजुरीचे पैसे दुसऱ्यांदा घेणार नाही, पार्टचे लागले तर सांगेन, पण तोपर्यंत प्लग लावू नका". दोन्ही वाक्यं मला महत्त्वाची वाटतात.

दुसऱ्या वेळी त्यांनी मल्टीमीटरने सस्टेनची लाइन तपासली, डायरेक्ट शॉर्ट. मग एक एक कनेक्टर काढत गेले, कुठला काढल्यावर शॉर्ट जातो ते बघत. वाय सस्टेनचा (दोन सस्टेन बोर्डांपैकी एक) काढला आणि शॉर्ट गेला. म्हणजे चोर त्या बोर्डावर. तिथले दोन पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले आणि बोर्डावरचा फ्यूज उडालेला. नुसता फ्यूज बदलून चालू करणारे महाभाग असतात म्हणे, तो लगेच परत उडतो आणि सोबत आणखी काहीतरी घेऊन जातो. काकांनी आणखी एक गोष्ट केली जी मला नंतर कळली किती मोलाची आहे ती, सस्टेन बोर्ड बदलायच्या आधी त्याला चिकटलेला बफर बोर्ड तपासला. बफर आतून शॉर्ट असेल आणि तुम्ही फक्त सस्टेन बदललात तर नवीन आणलेला बोर्ड पहिल्याच स्टार्टला मरतो. आमचा बफर ठीक निघाला.

आता बोर्ड आणायचा कुठून? प्लाझ्माचं उत्पादन थांबून जमाना झाला, पॅनासोनिकने 2013 च्या शेवटी बंद केलं, सॅमसंग आणि एलजीने 2014 मध्ये, आणि ज्या कुरो सेटचं नाव अजून शौकीन लोक घेतात त्या पायोनियरने तर 2009 लाच टीव्हीतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं होतं. म्हणजे नवा पार्ट हा विषयच नाही. पण काच फुटलेले सेट असतात! काच फुटली की टीव्ही कायमचा गेला, आणि बोर्ड मात्र सगळे धडधाकट. काकांनी अशाच एका फुटक्या सेटचा बोर्ड आणला, मॉडेल वेगळं होतं पण बोर्डावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. हे शेवटचं अक्षर बघणं फार गरजेचं, एका अक्षराच्या फरकाने कधी चालतं कधी नाही.

बोर्ड बसवून झालं नाही काम. पॅनलच्या मागे एक स्टिकर असतो, त्यावर त्या काचेला लागणारे व्होल्टेज छापलेले किंवा पेनने लिहिलेले असतात, सस्टेनचं इतकं, अ‍ॅड्रेसचं (कुठला ठिपका पेटवायचा ते निवडणारी लाइन) इतकं. एकाच मॉडेलच्या दोन काचांचेसुद्धा आकडे वेगळे, फॅक्टरीत प्रत्येकीची नाडी बघून लिहिलेले. बोर्ड बदलला की मीटर लावून छोटे प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचे स्क्रू) अगदी केसभर फिरवत ते आकडे परत जुळवायचे. घाईतला मेकॅनिक हे सोडून देतो, टीव्ही चालू तर होतो पण काळ्या सीनमध्ये ठिपके चमकतात नाहीतर चित्र धुरकट दिसतं आणि मग परत तेच, पॅनल गेलं.

तर दुरुस्ती अशी झाली. खर्च नव्या टीव्हीच्या मानाने किरकोळ, वेळ मात्र गेला, सगळं मिळून जवळपास महिना, त्यातले बरेच दिवस बोर्ड शोधण्यात.

आता 8 महिन्यांनंतर टीव्ही कसा वाटतो. चित्राबद्दल मी थोडा पक्षपाती आहे हे मान्य, पण रात्री लाइट बंद करून एखादा अंधारा सिनेमा लावला की मागचा लाइट गळाल्यासारखा करडा काळा दिसत नाही. इथे मागे लाइटच नसतो ना. प्रत्येक ठिपका म्हणजे निऑन-झेनॉन भरलेली बारीकशी कुपी, तिच्यातून वीज वाहिली की आत अतिनील किरण निघतात, ते रंगाच्या लेपावर पडतात आणि ठिपका स्वतः पेटतो. ट्यूबलाइटचीच लांबची बहीण. 1964 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ही कल्पना शिकवायच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी निघाली तेव्हा तो नुसता नारिंगी एकरंगी पडदा होता, हे वाचल्यापासून मला या डब्याबद्दल उगाच आदर वाढलाय.

हलत्या चित्रात तर फरक लगेच कळतो. कुपीला मंद पेटणं जमत नाही, एकतर पेट नाहीतर विझ, म्हणून एका फ्रेममध्येच ती अनेकदा लुकलुकते आणि किती वेळा लुकलुकली त्यावर उजेड ठरतो. बॉक्सवर 600 हर्ट्झ छापायचे ते याचंच, सेकंदाला 60 फ्रेम गुणिले 10 तुकडे. बॉल वेगात गेला तरी मागे शेपूट येत नाही आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसालाही तेच रंग दिसतात.

पण बाकीच्या गोष्टी लपवण्यात अर्थ नाही. वीज खातो. प्लगला मीटर लावून बघितलं, अंधाऱ्या सीनला 120 वॉट, बर्फाचं किंवा पांढऱ्या स्टुडिओचं चित्र आलं की 260 पर्यंत, तेवढ्याच आकाराचा एलईडी शंभरच्या आतच भागवतो. सरासरी 120 वॉट जास्त धरा आणि रोज 4 तास, महिन्याला साधारण 14-15 युनिट जादा. ज्यांच्याकडे टीव्ही सकाळपासून चालूच असतो त्यांनी हा हिशोब आधी करावा, दुरुस्ती स्वस्त पडून बिल महाग पडेल. गरम होतो, समोर हात धरला तर ऊब लागते. दिवसा खिडकी उघडी असेल तर काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसा. वजन एवढं की उचलायला दोन माणसं लागतात (म्हणूनच दोन्ही वेळी काका घरी आले). आणि लाइन मोजल्या तर 768, त्यामुळे फोर के वगैरे विसरा, माझ्या बसण्याच्या जागेवरून मला फरक पडत नाही, तुम्ही जवळ बसत असाल तर पडेल.

स्मार्ट वगैरे काही नाही, एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावलीये. त्यात एक गंमत, स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज दिली तर ती मधेच रीस्टार्ट व्हायची, मी परत घाबरून काकांना फोन केला, ते हसले आणि म्हणाले स्टिकचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर लावा. लावला. बंद झालं.

छाप राहण्याचं म्हणाल तर न्यूज चॅनलचा लोगो तासभर एका जागी राहिला की नंतर त्याची फिकट सावली दिसते, दुसरं काहीतरी हलतं चित्र अर्धा तास चाललं की जाते. तीच सावली महिनोन्महिने रोज पडली तर मात्र कायमची बसते. आमच्या वडिलांना सांगून ठेवलंय, बातम्या बघा पण मधेमधे चॅनल बदला. ते बदलतात, दुसऱ्या न्यूज चॅनलवर.

कोणी विचारलंच तर, काच शाबूत असेल, बंद पडायच्या आधी चित्रात उभ्या रेघा नसतील, आणि बोर्ड उघडून मीटर लावणारा माणूस मिळत असेल तर दुरुस्त करा. उभ्या रेघा असतील तर पैसे घालू नका, ते ड्रायव्हर काचेलाच चिकटलेले असतात आणि तिथे गरम इस्त्रीने दाबून चिकटवायचा जुगाड करणारे महिनाभरात परत फोन उचलत नाहीत. मेकॅनिकला मी 5 पैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो पहिल्या वेळी सस्टेन लाइन न तपासल्याबद्दल, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलंय, त्यांनाही पटलं. टीव्हीला चार.

त्या फुटक्या सेटचे उरलेले बोर्ड काकांनी मलाच देऊन टाकले, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. सध्या एकच तक्रार आहे, चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं काळ्या भागात दोन-चार लाल ठिपके चमकतात. काका म्हणतात प्रीसेट अजून केसभर फिरवावा लागेल, रविवारी येतायत.