परदेशी संग्राह्य खेळणी : खास दुकानातून घ्यावीत की थेट परदेशातून मागवावीत?

एकाच कंपनीची, एकाच साच्यातून निघालेली प्रतिकृती खास दुकानाच्या काचेच्या कपाटात एका किमतीला आणि परदेशी विक्रेत्याच्या यादीत त्याहून बऱ्याच कमी किमतीला दिसली, की नव्या संग्राहकाला पहिली शंका दुकानदाराच्या नफ्याविषयी येते. ती शंका अगदीच अनाठायी नाही. पण या दोन किमती शेजारी ठेवताना आपण बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत असतो. दुकानात आपण डोळ्यांसमोर असलेला एक ठरावीक नग घेतो, तर परदेशातून मागवताना त्या मॉडेलचा कोणता तरी एक नग आपल्या वाट्याला येतो. काही खेळण्यांच्या बाबतीत हा फरक सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, तर काहींच्या बाबतीत त्याला जवळजवळ अर्थच उरत नाही. म्हणूनच दुकान की थेट मागणी, याचे उत्तर खेळणे कोणत्या जातीचे आहे यावर अधिक अवलंबून असते, असे माझे बऱ्याच वर्षांच्या खरेदीनंतरचे मत आहे.

आधी पैशांचा हिशेब मांडू. परदेशी यादीतली किंमत केवळ वस्तूची असते. तिच्यावर वाहतूक, सीमाशुल्क आणि ते शुल्क आपल्या वतीने भरल्याबद्दल कुरिअर कंपनी घेते तो आकार, असे तीन खर्च चढतात. त्यांतला वाहतुकीचा खर्च बहुतेकांना चकवतो, कारण आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागायचे, ही त्यांची नेहमीची रीत आहे. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचा खोका, म्हणजे एखाद्या मोठ्या फिगरचा (पात्राच्या पुतळ्यासारख्या प्रतिकृतीचा) खोका, या हिशेबाने ७.२ किलोचा धरला जातो. आतली फिगर त्याच्या पाव वजनाचीही नसली तरी. शिवाय अनेक देशांत सीमाशुल्क आकारताना वस्तूच्या किमतीत वाहतुकीचा खर्च मिळवतात, त्यामुळे खोक्यातल्या रिकाम्या जागेवरही कर भरावा लागतो. याउलट १:६४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, दहा-बारा गाड्या एका लहानशा पार्सलात सहज मावतात आणि वाहतुकीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. तेव्हा खोका जितका मोठा, तितकी थेट मागवण्यातली बचत कमी होत जाते आणि बऱ्याचदा ती पुरती संपते.

रंगवून तयार आलेल्या फिगरच्या बाबतीत माझा कौल ठामपणे दुकानाच्या बाजूने आहे. १:७ किंवा १:८ मापाच्या या फिगर बहुधा पीव्हीसी आणि एबीएस या प्लॅस्टिकच्या असतात. डोळे छापलेले असले, तरी केसांच्या छटा, कपड्यांच्या कडा आणि दागिने यांचे रंगकाम कारखान्यात माणसांच्या हातून होते, त्यामुळे एकाच तुकडीतले दोन नग तंतोतंत सारखे नसतात. दुकानात खोका हातात घेतल्यावर त्याच्या पारदर्शक खिडकीतून आधी डोळे पाहावेत. एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्या डोळ्यातलीपेक्षा केसभर वर छापली गेली असेल, तर चेहरा समोरून ठीक दिसतो आणि जरा बाजूने पाहिले की नजर फिरलेली वाटते. मग हनुवटीखाली मानेचा सांधा पाहावा, केसांच्या टोकांवर आणि बाहीच्या काठावर रंग ओघळला आहे का ते पाहावे. शेवटी पायाच्या घोट्याकडे जावे, कारण एका पायावर उभी असलेली फिगर कालांतराने तिथूनच वाकते. उष्ण हवामानात तर लवकरच. वाकलेला पातळ भाग कोमट-गरम पाण्यात मऊ करून सरळ करता येतो. डोळा मात्र दुरुस्त करता येत नाही.

याच जातीची एक मोठी फिगर मी एकदा परदेशी विक्रेत्याकडून मागवली होती. खोका निर्दोष होता, पण फिगरच्या एका डोळ्याखाली मोहरीपेक्षाही लहान काळा ठिपका होता आणि तो नेमका गालावर होता. तक्रार केली, तेव्हा विक्रेत्याने बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे न फोडलेल्या अवस्थेतले छायाचित्र मागितले. मी तो खोका त्याच दिवशी टाकून दिला होता. मोठी वस्तू मागवायचीच असेल, तर पार्सल उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून चित्रफीत काढावी आणि बाहेरचा खोका किमान महिनाभर जपून ठेवावा, हे मी त्यानंतर कटाक्षाने पाळतो. ती फिगर आजही माझ्या कपाटात आहे आणि माझी नजर दर वेळी आधी त्या ठिपक्यावरच जाते.

जपानमधल्या गेम सेंटरांत यांत्रिक पंज्याने उचलून जिंकायच्या ज्या बक्षिसाच्या फिगर असतात, त्यांना हा नियम इतका काटेकोर लावण्याची गरज नाही. त्यांचे रंगकाम मुळातच साधे आणि किंमत कमी असते. गुड स्माइल कंपनीची २००६ साली सुरू झालेली, मोठ्या डोक्याच्या छोट्या फिगरची नेंडोरॉइड मालिकाही, सुमारे दहा सेंटिमीटर उंची आणि आटोपशीर खोका यांमुळे, थेट मागवायला परवडते.

गाड्यांच्या प्रतिकृतींत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे माप आणि साहित्य दोन्ही निवडायचे असते. साडेचार मीटर लांबीची खरी गाडी १:१८ मध्ये २५ सेंटिमीटरची, १:४३ मध्ये साधारण साडेदहा सेंटिमीटरची आणि १:६४ मध्ये सात सेंटिमीटरची होते. घरातल्या फळीची खोली आधी मोजली, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. साहित्यात डायकास्ट आणि रेझिन असे दोन मुख्य प्रवाह आहेत. डायकास्ट म्हणजे जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांचा झामॅक हा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने ओतून केलेली गाडी. साचा महाग असल्याने नग हजारोंनी काढावे लागतात, पण दारे, बॉनेट आणि डिकी उघडता येते आणि हातात घेतल्यावर धातूचा भार जाणवतो. रेझिन म्हणजे साच्यात ओतल्यावर कडक होणारे द्रव प्लॅस्टिक. त्याच्या गाडीसाठी लागणारे सिलिकॉनचे साचे थोड्याच नगांनंतर निकामी होतात, त्यामुळे उत्पादन मर्यादित राहते. तिच्या कडा मात्र धारदार आणि पत्र्यांमधल्या रेषा अतिशय बारीक येतात. त्या बदल्यात तिची दारे बहुधा उघडत नाहीत आणि ती हातून पडली तर पोचा न येता सरळ तडा जातो.

ज्याला इंजिन, आतली बैठक आणि बिजागऱ्या पाहण्यात रस आहे त्याने डायकास्ट घ्यावी. ज्याला गाडीची रेषा प्रिय आहे त्याने रेझिन घ्यावी. मला स्वतःला दार उघडणारी गाडी अधिक आवडते, मात्र एका अटीवर. १:१८ च्या डायकास्ट गाडीचे दार बंद केल्यावर वर आणि खाली सारखीच फट राहायला हवी. दुकानदाराच्या परवानगीने मोबाइलचा दिवा बाजूने तिरका धरला, की ही फट लगेच दिसते. त्याच उजेडात रंगाखाली अडकलेला धुळीचा कण आणि छपरावरची संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसते. विक्रेत्याच्या यादीतले चित्र अनेकदा उत्पादनापूर्वीच्या नमुन्याचे असते, त्यामुळे त्यात यांतले काहीच कळत नाही. म्हणून १:१८ आणि रेझिनची गाडी दुकानातून घ्यावी. १:६४ मध्ये नग लहान, किंमत कमी आणि पार्सल हलके असल्यामुळे टोमिकासारख्या मालिका एकत्र थेट मागवणे शहाणपणाचे आहे.

जुन्या गाड्यांसाठी सावधगिरी आणखी वाढवावी लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी टॉइजसारख्या काही खेळण्यांत जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली होती. अशा धातूला आतून गंज लागतो, तो फुगतो, त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि शेवटी त्याचा चुरा होतो. यावर उपाय नाही. ही खूण पहिल्यांदा गाडीच्या पोटाशी किंवा चाकांच्या आसाजवळ दिसते, आणि छायाचित्रे मात्र समोरून आणि बाजूने काढलेली असतात. जुनी डायकास्ट गाडी हातात उलटी धरल्याशिवाय घेऊ नये.

सुट्या भागांचे संच आणि टेबलावर खेळायच्या खेळांचे मिनिएचर (सोंगट्यांसारखे छोटे पुतळे) यांच्याकडे आलो, की पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. जपानी कंपनी बान्दाईने १९८० मध्ये गुंडम या ॲनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवाचे संच काढायला सुरुवात केली, आणि तेव्हापासूनची त्यांची ओळख म्हणजे साच्यांची अचूकता. कथेतला अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव १:१४४ मध्ये साडेबारा सेंटिमीटरचा आणि १:१०० मध्ये अठरा सेंटिमीटरचा होतो. १९९० पासूनच्या हाय ग्रेड श्रेणीत पहिले माप येते आणि १९९५ पासूनच्या मास्टर ग्रेड श्रेणीत दुसरे. सुटे भाग ज्यात जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट एका संचात जशी असते तशीच दुसऱ्यात असते, त्यामुळे समोरचा नग निवडण्याला काही अर्थ राहत नाही. खोक्याचा कोपरा चेपला, तरी आतले भाग बहुधा शाबूत असतात. १९७५ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉपच्या प्लॅस्टिकच्या संचांनाही हेच लागू पडते. अपवाद रेझिनच्या मिनिएचरांचा. त्यांत हवेचे बुडबुडे आणि वाकडे भाले निघतात, म्हणून ते शक्य तर पाहून घ्यावेत.

संच थेट मागवावेत, मात्र रंगांसाठी दुकानातच जावे. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही आणि दाबाखालचे असल्याने हवाई टपालातून पाठवता येत नाहीत. विक्रेता ते मागणीतून वगळतो किंवा पार्सल अडकते. शिवाय प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, थर किती अंतरावरून द्यावा, दमट दिवशी तो पांढुरका का पडतो, हे काउंटरपलीकडचा जाणकार माणूस दोन मिनिटांत सांगतो. सुरुवात करणाऱ्याच्या दृष्टीने एवढ्या एका गोष्टीसाठीही दुकानाशी संबंध ठेवणे फायद्याचे आहे.

ब्लाइंड बॉक्सविषयी, म्हणजे उघडेपर्यंत आतला नग कोणता ते कळत नाही अशा खोक्यांविषयी, माझे मत थोडे कडक आहे. २०१० साली चीनमध्ये स्थापन झालेल्या पॉप मार्टने ही पद्धत जगभर नेली. चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ मध्ये निर्माण केलेले लबूबू हे पात्र २०१९ पासून त्याच कंपनीमार्फत बाहुल्यांच्या रूपात येऊ लागल्यावर तिला उधाण आले. अनेक मालिकांत गुप्त नग निघण्याची शक्यता ७२ मध्ये १ किंवा १४४ मध्ये १ अशी खोक्यावरच छापलेली असते. त्या आशेवर एकेक खोका घेत जाण्यापेक्षा मालिकेतला आवडलेला नेमका नग, दुकानदाराने उघडून खात्री केलेला, थोडे अधिक पैसे देऊन घ्यावा. चार नको असलेले नग घरात आणण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. सगळीच मालिका हवी असेल, तर सीलबंद अख्खी पेटी घ्यावी. या प्रकारात नकली माल फार आहे. पुसट छपाई, उग्र वास, शिवणीवर बाहेर आलेले धागे आणि पटणार नाही इतकी कमी किंमत या त्याच्या खुणा आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या तीन वस्तू हातात आल्यावरच कळतात. दुकानदाराला माल कोणत्या वितरकाकडून येतो हे मोकळेपणाने विचारावे. प्रामाणिक दुकानदाराला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

दुकानातही सगळे आलबेल असते असे नाही. तिथला सर्वांत मोठा दोष म्हणजे बराच काळ पडून राहिलेला माल. दर्शनी काचेत ठेवलेल्या खोक्यावरचे लाल आणि पिवळे रंग आधी उडतात, म्हणून खोक्याची पुढची बाजू मागच्या बाजूशी ताडून पाहावी. पुढचा लाल रंग गुलाबीकडे झुकला असेल, तर आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकलाही पिवळेपणा आला असण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षे बंद खोक्यात राहिलेल्या पीव्हीसीतून मऊपणासाठी घातलेले द्रव्य पृष्ठभागावर येते आणि फिगर चिकट लागू लागते. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुता येते, पण तशा नगाची पूर्ण किंमत देऊ नये.

प्री-ऑर्डरमध्ये, म्हणजे वस्तू बाजारात येण्याआधीच केलेल्या मागणीत, दोन्हीकडे तारखा पुढे जातात. दुकानात अनामत परत मिळते का, एवढे लेखी विचारून घ्यावे. संपलेल्या फिगरसाठी दुप्पट-तिप्पट मागितले जात असेल, तर थोडे थांबावे. लोकप्रिय फिगरची पुनर्निर्मिती उत्पादक अनेकदा करतात आणि तसे जाहीर होताच चढलेला भाव उतरतो.

वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत जपानी विक्रेते मात्र माझ्या नियमाला ठळक अपवाद आहेत. तिथले बरेच विक्रेते वस्तू आणि खोका या दोहोंना स्वतंत्र श्रेणी देतात आणि ओरखडा कुठे आहे तेही नोंदवतात. माझ्या अनुभवात वर्णनापेक्षा वस्तू चांगलीच निघाली आहे. टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेमध्ये १९८० मध्ये जुन्या मांगा (जपानी चित्रकथा) पुस्तकांच्या दुकानापासून सुरू झालेले मांदाराके हे या व्यापारातले जुने नाव. ज्याला खोका चेपलेला चालतो, पण फिगर स्वच्छ हवी आहे, त्याच्यासाठी हा मार्ग सर्वांत किफायतशीर आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दुकानात जाऊन फिगर नीट न्याहाळायची, दुकानदाराचा अर्धा तास घ्यायचा आणि घरी येऊन तीच परदेशातून मागवायची, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्या दुकानदारावर यात अन्याय होतो. शिवाय न्याहाळलेला नग त्या दुकानातच राहतो आणि घरी येतो तो दुसराच, कोणीही न पाहिलेला. किमतीतला फरक खरोखरच डोईजड असेल, तर दुकानदाराशी तसे स्पष्ट बोलावे. पुढच्या मालाबरोबर आपली वस्तू आणून देण्याची, आल्यावर खोका उघडून दाखवण्याची आणि पसंत पडली तरच घेण्याची व्यवस्था अनेक खास दुकाने करतात; माझ्याकडच्या तीन सर्वांत मोठ्या फिगर याच मार्गाने आल्या आहेत.