बजेट, आराखडा की मोहल्ला समिती: गल्लीच्या कामासाठी कुठलं दार ठोठवावं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन डीपी आहेत. एक विजेची लोखंडी पेटी, पदपथाच्या बरोब्बर मधोमध. दार अर्धवट लटकलेलं, खाली मांजरासाठी कुणीतरी ठेवलेली दुधाची वाटी. दुसरा डीपी कागदावरचा, म्हणजे शहराचा विकास आराखडा. पुण्यात पहिली डीपी स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. रहिवाशाला मात्र दोघांचा ताप सारखाच, कुणाची हद्द कुठे संपते ते शेवटपर्यंत कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीतल्या पाचसहा जणांनी मनावर घेतलं. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवायचा महापालिकेचा अर्ज आणला आणि एका दमात लिहून टाकलं: फरशा बदला, पेटी हलवा, पुढे पदपथच नाही तिथे रस्ता रुंद करा, आणि कोपऱ्यावरचा राडारोडा उचला. काही आठवड्यांनी कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला. फरशांची लांबी मोजली, वहीत टिपली आणि म्हणाला, "काका, फरशांचं मी बघतो. राडारोड्याला बजेट कशाला लागतं, मोहल्ला समितीत सांगा, गाडी येईल. पेटी वीज कंपनीची. आणि रुंदीचं म्हणाल तर ते रस्त्याच्या रेषेचं काम. सोसायटीची भिंत मागे घ्यायची तयारी आहे का?"

शेवटच्या प्रश्नावर आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो. चूक आमचीच होती. चार दारांची कामं एका कागदावर लिहिली होती.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमचं काम अडलंय कशावर? पैशावर, नकाशातल्या रेषेवर, की फक्त कुणाच्यातरी हातावर? पैशावर अडलं असेल तर बजेटची सूचना, रेषेवर अडलं असेल तर आराखड्यावरची हरकत, हातावर अडलं असेल तर मोहल्ला समिती. काम लहान की मोठं यावरून दार ठरत नाही. दहा फुटांचा रस्ता रेषेवर अडलेला असू शकतो आणि अख्ख्या वस्तीचं तुंबलेलं ड्रेनेज नुसतं हातावर.

बजेटची सूचना

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून ही सोय सुरू केली. कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, तिथे १९८९ पासून लोक वस्तीच्या सभेत बसून कुठलं काम आधी ते ठरवू लागले. आपल्याकडे सभा गळली आणि अर्ज उरला. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात आवाहन निघतं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन भरायचा, अभियंता जागा पाहून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करतो, प्रभाग समिती निवड करते, आणि निवडलेली कामं पुढच्या एप्रिलपासूनच्या बजेटात येतात. म्हणजे गणपतीत अर्ज भरलात तर काम दिसायला पुढचा गणपती उजाडतो.

या दाराचा मोठा गुण म्हणजे इथे एकटा माणूसही चालतो. सह्यांची मोहीम नको, वकील नको, भाडेकरू आहात म्हणून कुणी हटकत नाही. पदपथ, दिवे, बाक, बस थांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह, बागेतली दुरुस्ती, असली कामं चालतात. मात्र जागा महापालिकेची हवी. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर महापालिका पैसा घालत नाही, तरी दरवर्षी लोक तेच लिहितात.

दोष सांगायला आकडा पुरे. गेल्या काही वर्षांत एका कामाला पाच लाखांची मर्यादा आणि चार सदस्यांच्या प्रभागाला ७५ लाख, असा हिशोब होता. ४१ प्रभाग धरले तर होतात पावणेएकतीस कोटी. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं. म्हणजे शहराच्या रुपयातला पाव पैसा आपण सुचवायचा, तोही दुसऱ्या कुणीतरी निवडायचा. पाच लाखांत थोडा पदपथ नीट होतो, चौक होत नाही. मग लोक बाक मागतात, आणि पुण्यात बाकांना तोटा नाही.

तरीही मी दरवर्षी अर्ज भरतो. अर्ज कसा लिहिला यावर बरंच अवलंबून असतं. "आमच्या भागातील पदपथ सुधारावा" या वाक्याचा कुठलाही पदपथ होऊ शकतो. "अमुक मेडिकलपासून तमुक शाळेच्या फाटकापर्यंत, डाव्या बाजूने, अंदाजे ४० मीटर, सलग १.८ मीटर मोकळी रुंदी" असं लिहिलं की ते दुसरीकडे सरकवणं अवघड जातं. १.८ मीटर हा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसचा आहे, पदपथावर चालायला किमान एवढी मोकळी जागा हवी असं त्यांचं मानक सांगतं. अभियंत्याला तो पाठ असतो. आपल्यालाही तो माहीत आहे हे कळलं की बोलणं बदलतं.

आराखड्यावरची हरकत

हे दार वीस वर्षांनी एकदा उघडतं, आणि तेव्हा बहुतेक लोक गावाला गेलेले असतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे सदस्य असतात आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञही. तिथून आराखडा मुख्य सभेकडे आणि शेवटी राज्य सरकारकडे जातो. मैदान, शाळा, दवाखाना, बाग, रस्त्याची रुंदी, टेकडीवर बांधकाम चालेल की नाही, सगळं यात ठरतं. इथे पाच लाखांची मर्यादा नाही. एका रंगाच्या ठिपक्याने कोट्यवधींची जमीन इकडची तिकडे होते, म्हणूनच या दाराशी गर्दी फक्त रहिवाशांची नसते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ च्या मार्चअखेर प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. ऐकणाऱ्यांची संख्या आणि दिवसातले तास मोजले तर एका हरकतीच्या वाट्याला काय आलं असेल ते कळतं. समितीत एकमत झालं नाही, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला, आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. आराखडा होता २००७ ते २०२७ साठी. लागू झाला तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य संपलं होतं.

मग हरकती वाया जातात का? नाही. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात एवढ्या चुका निघाल्या, आणि लोकांनी त्या एकेक करून दाखवल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये. पुण्यात १९९७ ला हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, म्हणजे जागा त्याच कामासाठी राखून ठेवणं, टिकलं, तेही लोकांनी धरून ठेवल्यामुळे. सुमारे ९७८ हेक्टर. त्याला २०१५ उजाडलं, म्हणजे पहिल्या प्रस्तावापासून जवळपास तेरा वर्षं. या दाराशी उभं राहायचं तर माणसं बदलली तरी फाइल टिकली पाहिजे. एखाद्या घरी एक कपाट, त्यात सगळे कागद, आणि त्या घराची किल्ली दोघांकडे.

हरकतीत भावना लिहू नका. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचं पत्रक, आरक्षणाचा क्रमांक, आणि जागेवर आज काय आहे त्याचा फोटो. छापील नमुन्यावर शंभर सह्या केल्या तर त्या बहुधा एकत्रच ऐकल्या जातात. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळी कारणं लिहिलेली बरी: एकाने शाळेची वेळ, एकाने ओढ्याचं पाणी, एकाने रुग्णवाहिका वळते का ते. सुनावणीत बोलायला मिनिटंच मिळतात, तेव्हा पहिल्या वाक्यात मागणी आणि मग कारण.

आरक्षण पडलं म्हणजे मैदान मिळालं असंही नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उडतं. नकाशातल्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवून निवांत बसलेल्या सोसायट्यांनी हे कलम भिंतीवर लावावं.

आराखड्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लहान दारं उघडत असतात. कलम ३७ खालचे आराखड्यातले फेरबदल, किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नवी रेषा. २०२० मध्ये पुण्यातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला तो याच कलमाने. नोटीस वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टाइपात येते. आमच्याकडे एक निवृत्त बँकवाले आहेत, ते रोज ते पान वाचतात. प्रत्येक गल्लीत असा एक माणूस हवा.

मोहल्ला समिती

मुंबईत हे नाव काढलं की १९९२-९३ च्या दंगलींनंतरचं शांततेचं काम आठवतं. पुण्यात मोहल्ला समिती म्हणजे क्षेत्रीय कार्यालयातली बैठक, जिथे पाणी, ड्रेनेज, पथ, विद्युत, आरोग्य अशा खात्यांची माणसं एका खोलीत भेटतात. तिची खरी किंमत त्या एका खोलीत आहे. पाण्यासाठी खोदलेला खड्डा पथ विभागाने बुजवायचा की पाणीपुरवठ्याने, हा वाद दोघे समोर बसले की पाच मिनिटांत मिटतो. एरवी पाच महिने चालतो.

इथे नवीन काही मिळत नाही, असलेलं नीट होतं. इतिवृत्तात आपला मुद्दा लिहिला गेला का ते पाहा, आणि पुढच्या बैठकीला तेच इतिवृत्त हातात घेऊन जा. एकदाच जाणारा माणूस तक्रारदार असतो, तिसऱ्यांदा गेला की त्याला चहा विचारतात. (कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभाही, म्हणजे वस्तीतल्या मतदारांची सभा, आहे. भरलेली पाहिली असेल तर नशीबवान आहात.)

मग तुम्ही कुठे जावं?

नोकरी आहे, वर्षातून एक रविवार देता येतो, तर बजेटची सूचना. अर्धा तास लागतो आणि जमली तर डोळ्यांना दिसणारं काही मिळतं. भाड्याने राहता आणि दोन वर्षांत जाणार, तरी हेच. नाहीतर मोहल्ला समिती.

घर स्वतःचं आहे, गल्लीच्या टोकाला रिकामा प्लॉट आहे, पलीकडे टेकडी किंवा नदी आहे, तर बजेटच्या फरशांत वेळ घालवू नका. नकाशा आणा आणि आपल्या प्लॉटवरचा रंग आधी बघा. २०१७ किंवा २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांत राहत असाल तर हे आणखीच खरं, कारण तुमच्याकडच्या रेषा अजून ओल्या आहेत. जुन्या पेठेत पुसायला फार थोडं उरलंय.

आणि तिन्हीकडे एकदम जाऊ नका. आम्ही गेलो होतो. चौथ्या महिन्यात फाइल सांभाळणारा आणि बैठकीला जाणारा माणूस एकच उरला, आणि त्याच्या मुलाची दहावी होती.

आमच्या फरशांचं म्हणाल तर ३८ मीटर झाल्या. पेटीच्या दोन्ही बाजूंनी अगदी तिच्या पायापर्यंत नीट कापून बसवल्यात, वाटीसुद्धा जागच्या जागी आहे. वीज कंपनीला वेगळं पत्र दिलंय, त्याची पोच कपाटात आहे. भिंतीचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत अकरा नंबरवर घेतलाय, म्हणजे बटाटेवडे संपल्यावर. तिथे मीटरभर जागा सोडायची की नाही यावर अजून तरी सात विरुद्ध नऊ आहे.