विशेष ग्रंथालयाचे मोल मांडायला शिकवणारी कार्यशाळा: एक अभिप्राय

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पुण्यात झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी नुकताच हजर होतो. एका औषधनिर्मिती कंपनीच्या संशोधन विभागातील ग्रंथालय मी गेली १७ वर्षे सांभाळतो आहे आणि दरवर्षी एक-दोन विद्यार्थी आमच्याकडे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी येतात. त्यांना वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) काढता येतो, दाखलनोंदी अचूक ठेवता येतात. पण या ग्रंथालयावर कंपनीने एवढा खर्च का करावा, असे विचारले की ते गप्प होतात. म्हणून यंदाच्या दोन विद्यार्थिनींबरोबर मीही नाव नोंदवले. विद्यार्थ्यांना ९०० आणि नोकरदारांना १८०० रुपये शुल्क होते.

पहिल्या सत्राची मांडणी नेटकी होती. सार्वजनिक ग्रंथालयांच्या पाठीशी महाराष्ट्रात १९६७ चा अधिनियम आणि अनुदान असते, महाविद्यालयीन ग्रंथालय उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नजरेखाली असते. कंपनी, रुग्णालय किंवा शासकीय खात्यातील विशेष ग्रंथालयाला मात्र असा आधार नसतो, हे वक्त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ साली खर्चकपातीसाठी आपली काही ग्रंथालये बंद केली आणि पुढे तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) दबावामुळे ती २००८ मध्ये पुन्हा उघडावी लागली, हे उदाहरण त्यांनी दिले. ग्रंथालये बंद होण्याआधी त्यांच्या बाजूने कोण आणि काय बोलले असते, यावर गटचर्चा झाली.

कार्यशाळेचा खरा कस लागला तो दुसऱ्या सत्रात. ग्रंथालयशास्त्राच्या संशोधक जोआन मार्शल यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर परिसरातील १५ रुग्णालयांत केलेला, १९९२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्यासमोर ठेवण्यात आला. ग्रंथालयाने पुरवलेल्या माहितीमुळे उपचाराचा काही ना काही भाग आपण वेगळ्या रीतीने हाताळला, असे सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी त्यात सांगितले होते. हा आकडा अनेक वर्गांत सांगितला जातो आणि टाळी घेऊन जातो. येथे मात्र वक्त्यांनी आकडा बाजूला ठेवून मूळ प्रश्नांकडे बोट दाखवले. आपण सेवेबद्दल समाधानी आहात का, एवढ्यावर तो अभ्यास थांबला नव्हता. या माहितीमुळे आपण काय बदलले, हे त्यात विचारले होते. मग प्रत्येक गटाला आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची अभिप्राय-पत्रिका नव्याने लिहायला सांगितले. माझ्या कंपनीतली पत्रिकाही मी गुपचूप काढून पाहिली. तिच्यातले सहाच्या सहा प्रश्न समाधानाचेच होते. मात्र हा अभ्यास डॉक्टरांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे आणि उपचारांचा परिणाम त्यात स्वतंत्रपणे मोजलेला नाही, ही मर्यादा विद्यार्थ्यांना सांगायला हवी होती. ती सांगितली गेली नाही.

२००१ सालचे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्रकरण घाईघाईत उरकले गेले. दम्यावरील प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रासायनिक द्रव्य हुंगलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. संशोधकाने ज्या पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये शोध घेतला, त्यातील नोंदी तेव्हा १९६६ च्या मागे जात नव्हत्या आणि या द्रव्याने फुप्फुसांना इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ग्रंथपालाने ते नक्की शोधले असते का, असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा वक्त्यांनी विषय बदलला. आपला डेटाबेस कोणत्या वर्षापासून सुरू होतो हे वेळीच सांगणे हीदेखील सेवाच असते, एवढे उत्तर पुरेसे झाले असते.

दुसऱ्या दिवशीचा वेळबचतीचा हिशेब मला पटला नाही. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथ्या सूत्राचा आधार घेऊन, वाचलेले तास गुणिले संशोधकाचे ताशी वेतन, असा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करून घेतला गेला. दुपारी खऱ्याखुऱ्या कंपनीतले एक लेखापाल परीक्षक म्हणून बसले आणि पहिल्याच गटाला त्यांनी विचारले, “हे वाचलेले तास पगारातून कमी होणार आहेत का?” गटाकडे उत्तर नव्हते. हे सत्र मात्र पैसा वसूल होते. आमच्या विद्यार्थिनींच्या गटाला त्यांनी कोणत्या नियतकालिकाची वर्गणी बंद कराल असे विचारले, तेव्हा एकीने वर्षभराची वर्गणी आणि वाचलेल्या लेखांची संख्या यांचा भागाकार करून सर्वांत महाग पडणारे नियतकालिक नावानिशी सांगितले. त्या दिवशी लेखापालांनी काही लिहून घेतले ते तेव्हाच. स्वतः होऊन खर्च कापायला तयार असलेल्या ग्रंथपालाचे उरलेले म्हणणे ते ऐकतात, हे माझ्या अनुभवाशी जुळते.

उणिवा लहान नाहीत. कंपनीतील शास्त्रज्ञाचा प्रश्नच मुळात गोपनीय असतो. तो उघड न करता त्याच्या उत्तराचा परिणाम अहवालात कसा लिहावा, यावर दोन दिवसांत एक वाक्यही आले नाही. ग्रंथालयांचा परिणाम मोजण्याविषयीचे आयएसओ १६४३९ हे २०१४ चे आंतरराष्ट्रीय प्रमाणक पडद्यावर आले आणि मिनिटभरात गेले. उदाहरणे जवळजवळ सगळी परदेशी रुग्णालयांची होती. १९१७ पासूनचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय याच शहरात असताना, हस्तलिखितांचे किंवा जुन्या शासकीय अहवालांचे मोल तासांच्या हिशेबात कसे बसवणार, हा अवघड प्रश्न कोणी उपस्थितच केला नाही. छापील टिपणे केवळ इंग्रजीत होती आणि त्यांच्या छायाप्रती फिक्या होत्या. (जेवण मात्र उत्तम होते.)

पदव्युत्तर वर्गाच्या शेवटच्या सहामाहीतील विद्यार्थ्यांनी ९०० रुपये जरूर खर्च करावेत. अनुभवी ग्रंथपालांना १८०० रुपयांत मिळते ते मुख्यतः लेखापालांचे सत्र. जाताना कोणत्याही एका ग्रंथालयाच्या वर्गण्यांची यादी आणि वापराचे आकडे बरोबर न्यावेत, कारण आयोजकांनी सरावासाठी दिलेले आकडे इतके गुळगुळीत होते की त्यांत कापण्यासारखे काहीच सापडत नव्हते.